अकोन्काग्वा मोहिमेच्या नोंदी: तयारीपासून परतीपर्यंत

१४ एप्रिल

पुढच्या जानेवारीतली मोहीम आज निश्चित केली. अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतातले अकोन्काग्वा ६,९६१ मीटर उंच असून आशियाबाहेर याहून उंच शिखर नाही. वायव्येकडून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेवर कातळारोहण करावे लागत नाही, बहुतेक चढ घसाऱ्याचा आणि मुरमाचा आहे, आणि त्यामुळेच या डोंगराला अनेक जण हलके लेखतात. वाट सोपी असली की माणूस भराभर वर जातो, पण पाय ज्या वेगाने वर नेतात त्या वेगाने शरीर विरळ हवेला रुळत नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चाळीस टक्क्यांच्या जरासा वर असतो. हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच राहते, तरी एका श्वासात मिळणारा प्राणवायू निम्म्याहून कमी होतो. त्यात प्रशांत महासागरावरून येणारा पश्चिमेचा वारा, ज्याला अडवायला इतक्या उंचीचे दुसरे काहीच आजूबाजूला नाही.

मार्गदर्शकांबरोबर जायचे हेही आज ठरवले. वाट चुकण्याची भीती हे त्यामागचे कारण नाही. वाट ठळक आहे. सहा हजार मीटरवर ‘पुढे जायचे की परत फिरायचे’ हे ज्या मेंदूने ठरवायचे त्याच मेंदूला प्राणवायू कमी पडत असतो, म्हणून माझ्याकडे बाहेरून पाहणारे, त्या उंचीवर पुष्कळ माणसे पाहिलेले कुणीतरी सोबत हवे. आयोजकांना विचारायचे प्रश्न लिहून काढले आणि सगळे एकाच पत्रात पाठवले. एका मार्गदर्शकामागे किती सदस्य असतील, हवामानासाठी किती राखीव दिवस धरले आहेत, शिखराच्या दिवशी एक सदस्य परत फिरला तर त्याच्यासोबत कोण उतरेल आणि मग उरलेल्यांबरोबर कोण राहील, वरच्या कॅम्पवर रेडिओ, औषधे आणि आणीबाणीपुरता प्राणवायू असेल का, आणि परतण्याचा शेवटचा शब्द कुणाचा, असे ते प्रश्न आहेत. यातला परत फिरणाऱ्या सदस्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकच मार्गदर्शक असलेल्या गटात एक जण थकला की एकतर सगळे परततात, नाहीतर तो एकटा उतरतो, आणि या दोन्हींपैकी एकही गोष्ट आधी पत्रकात लिहिलेली नसते.

२ मे

वैद्यकीय तपासण्या झाल्या. रक्तदाब, ईसीजी आणि हिमोग्लोबिन समाधानकारक आहेत. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, मात्र खालच्या मर्यादेजवळ निघाले, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. उंचीवर गेल्यावर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवू लागते आणि त्यासाठी लोहाचा साठा लागतो. तो साठा तळावर पोहोचल्यावर भरून काढता येत नाही, म्हणून ही तपासणी इतकी आधी केली. दातही दाखवून घेतले. अर्धवट भरलेल्या दाताखाली हवा अडकली असेल तर बाहेरचा दाब उतरल्यावर तो ठणकू लागतो, आणि वरच्या कॅम्पवर त्यावर इलाज नसतो.

डॉक्टरांनी एक गोष्ट ठासून सांगितली, ती जशीच्या तशी लिहून ठेवते: उत्तम तब्येत उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. धावण्यात तरबेज असलेला माणूस आधी आजारी पडतो आणि सावकाश चालणारा ठणठणीत राहतो असे वारंवार दिसते, कारण दणकट पायांचा माणूस शरीराला वेळ देत नाही. यापूर्वी उंचीवर शरीराने काय केले होते, हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह अंदाज. मी पाच हजार मीटरच्या आसपास मुक्काम केला आहे आणि तेव्हा पहिल्या दोन रात्री डोके दुखले होते; ही माहिती आयोजकांच्या अर्जात भरली.

१९ जून

सरावाची घडी बसली. आठवड्यातले बहुतेक तास संथ गतीचे आहेत: चालताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे, त्यापुढे वेग न्यायचा नाही. हे पहिल्या महिन्यात फार कंटाळवाणे वाटते आणि मनाला वाटते की आपण काहीच करत नाही. पण मोहिमेतला जवळजवळ प्रत्येक दिवस याच गतीचा, पाच ते आठ तासांचा असणार आहे, आणि शिखराचा दिवस त्याहून कितीतरी लांब. दम लागेपर्यंत पळण्याचा सराव आठवड्यातून एकदाच ठेवला आहे.

पाठीवरचे वजन आठ किलोपासून सुरू करून हळूहळू वाढवत आहे. डिसेंबरपर्यंत वीस किलो घेऊन एक हजार मीटरचा चढ विनातक्रार झाला पाहिजे. वजनासाठी सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरते आणि माथ्यावर ते ओतून देते, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. अर्थात उताराचा सरावही हवाच, कारण मांड्यांचे स्नायू फाटल्यासारखे दुखतात ते चढाने नव्हे, उताराने. म्हणून पंधरवड्यातून एकदा अर्धे वजन घेऊन मुद्दाम सावकाश उतरते.

२३ ऑगस्ट

बुटांचे काम अखेर झाले. या एका वस्तूवर मी इतर सगळ्या साहित्याहून जास्त वेळ घालवला आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. सात हजार मीटरच्या जवळ जाणाऱ्या वाटेवर दुहेरी बूट लागतात, म्हणजे बाहेरचा कडक बूट आणि आतला वेगळा काढता येणारा ऊबदार बूट. आतला बूट रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा असतो, कारण दिवसभराचा घाम त्यात राहिला तर पहाटे तोच गोठतो.

माप संध्याकाळी घेतले, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय फुगतात आणि उंचीवर ते आणखी फुगतात. बारीक मोज्यावर जाड मोजा चढवून पाहिले तेव्हा नेहमीच्या मापात बोटे हलेनात. जाड मोजा म्हणजे जास्त ऊब, हा समज पक्का असतो. पण मोज्याने पाय आवळला की बोटांकडे जाणारे रक्त कमी होते आणि ऊब त्या रक्तातूनच येते. शेवटी एक माप मोठा बूट घेतला आणि एका उतरत्या फळीवर बराच वेळ उभी राहिले. बोटे पुढे टेकली नाहीत, टाच उचलली गेली नाही, आणि बुटात बोटे मोकळेपणाने वळवता आली. त्याच बुटावर बारा दातांचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पाय रोवण्यासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दाते, जुळवून पट्ट्यांची लांबी कायम केली.

हातांसाठी पातळ हातमोजे, त्यावर मध्यम आणि त्यावर बोटे एकत्र राहणारे डाउनचे (पक्ष्यांच्या मऊ पिसांचे) जाड मिटन, असे तीन थर आहेत. मिटनला मनगटात अडकवायचे फास शिवून घेतले. वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही आणि त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. क्रॅम्पॉन बांधणे, पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवणे, जॅकेटची चेन ओढणे या सगळ्या गोष्टी फक्त पातळ हातमोजे घालून रोज रात्री दहा मिनिटे करते आहे, तेही डोळे मिटून.

११ ऑक्टोबर

विमा झाला. पहिल्या दोन पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा अनुक्रमे ४,५०० आणि ६,००० मीटर होती, आणि ती बारीक अक्षरांत होती. तिसरी ७,००० मीटरपर्यंत आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च तीत स्पष्टपणे धरला आहे. फेरिटिन सुधारले. सराव चालू.

१५ नोव्हेंबर

औषधांबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलले. अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी मात्रा उंचीचा आजार टाळण्यासाठी दिली जाते. उंचीवर आपण जोराने श्वास घेऊ लागतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतात तेव्हा हा लगाम सुटतो, पण त्याला काही दिवस लागतात. हे औषध ते काम लवकर करवते. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी विचारणे आवश्यक. घरी दोन दिवस घेऊन पाहिले. मुंग्यांखेरीज त्रास नाही. डेक्सामेथासोन मेंदूच्या सुजेसाठी आणि निफेडिपिन फुप्फुसात पाणी साठल्यास, अशी दोन औषधे मार्गदर्शकांच्या पेटीत असतील. दोन्ही औषधांनी उतरण्यापुरता वेळ मिळतो. खरा उपचार खाली जाणे हाच.

या वहीच्या मागच्या पानांवर रोज संध्याकाळी भरायचा तक्ता आखला. लेक लुईस पद्धतीत डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थकवा आणि चक्कर या चार लक्षणांना शून्य ते तीन गुण देतात, आणि डोकेदुखीसह बेरीज तीन किंवा अधिक झाली तर उंचीचा आजार धरतात. पूर्वी झोपेचाही यात समावेश होता. २०१८ मध्ये तो वगळला, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच बिघडते. मी झोप, सकाळची नाडी, ऑक्सिमीटरचा आकडा (रक्तातल्या प्राणवायूचा टक्का) आणि हातापायांची संवेदना असे चार रकाने स्वतःसाठी जोडले आहेत.

मोहिमेत माझ्या वाट्याला नेमके कोणते काम येते याचा गेले काही महिने विचार करते आहे. दोर कुठे लावायचा, निघायचे कधी, तंबू कुठे ठोकायचा, हे सगळे मार्गदर्शक ठरवतील. पण माझे डोके किती दुखते आणि बोटे जाणवतात की नाही, हे ऑक्सिमीटर सांगत नाही. ती माहिती केवळ माझ्याकडे आहे, आणि ती वेळेवर आणि खरी पोहोचवणे हे सदस्य म्हणून माझे पहिले काम. हा तक्ता त्यासाठी आहे.

४ जानेवारी, मेंदोसा

परवाने मिळाले. मुख्य मार्गदर्शकांनी प्रत्येकाचे साहित्य जमिनीवर मांडायला लावून एकेक वस्तू हातात घेऊन तपासली. एका सदस्याचे बूट एकेरी होते. ते जागच्या जागी बदलून भाड्याने दुहेरी घ्यायला लावले आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. आम्ही सहा सदस्य, तीन मार्गदर्शक. एप्रिलमधल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे: दोन वेळा कुणी परत फिरले तरी उरलेल्यांजवळ एक मार्गदर्शक राहतो.

६ जानेवारी, कॉन्फ्लुएन्सिया, ३,४०० मीटर

काल ओर्कोनेसच्या प्रवेशद्वारातून चालत येथे पोहोचलो. मुख्य सामान खेचरांवरून थेट तळावर गेले. प्रवेशाच्या वेळी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येकाला क्रमांक घातलेली कचऱ्याची पिशवी दिली, जी भरून परत द्यावी लागते. आज प्लाझा फ्रान्सियापर्यंत, चार हजारांच्या वर जाऊन झोपायला परत येथेच आलो. दिवसा उंच चढायचे आणि रात्री खाली झोपायचे, ही पद्धत रुळण्यासाठी आहे. तेथून दक्षिण भिंत समोर दिसते. जवळजवळ तीन किलोमीटर उभा बर्फ आणि खडक, जो १९५४ मध्ये फ्रेंच गिर्यारोहकांनी पहिल्यांदा चढला. बराच वेळ आम्ही कुणीच बोललो नाही.

सायंकाळी उद्यानाच्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि प्राणवायू तपासला. नाडी ७२, ऑक्सिमीटर ९१, डोकेदुखी शून्य.

८ जानेवारी, प्लाझा दे मुलास (तळ), ४,३०० मीटर

काल आठ तासांची रुंद, धुळीची, संपता न संपणारी दरी. शेवटचा चढ खडा होता. रात्री डोके दुखले, गुण एक. झोपेत श्वास मोठा होत होत एकदम थांबल्यासारखा होई आणि मी दचकून जागी होई. मार्गदर्शकांनी सांगितले की उंचीवर झोपेतला श्वास असा लाटालाटांनी चालतो आणि एवढ्यावरून काळजीचे कारण नाही. एका रात्रीत नऊशे मीटर वर आलो आहोत, म्हणून आज पूर्ण विश्रांती. तीन हजारांवर मुक्कामाची उंची रात्रीमागे पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा दंडक आहे. डोंगराची रचना ते पाळू देत नाही तेथे थांबण्याचे दिवस वाढवून हिशेब पुरा करतात.

एका सदस्याचा रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टरांनी मीठ बंद करून तीन दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. तोवर त्याला वर जाण्याची परवानगी नाही.

१० जानेवारी, प्लाझा दे मुलास

आज वरच्या कॅम्पांचे गॅस, अन्न आणि क्रॅम्पॉन घेऊन कॅनडा कॅम्पला, ५,०५० मीटरपर्यंत गेलो, सामान दगडांखाली ठेवले आणि परत आलो. पाठीवर सोळा किलो होते. संथ सरावाचे महिने आज उपयोगी पडले: पुढचा पाय टाकायचा, मागचा गुडघा सरळ करून हाडांवर क्षणभर भार द्यायचा, श्वास सोडायचा आणि मगच पुढचे पाऊल. मार्गदर्शक इतके हळू चालत होते की सुरुवातीला अडखळायला होत होते. पाच हजारांवर ती गती अगदी बरोबर वाटू लागली.

परत आल्यावर एक प्रसंग घडला, तो लिहून ठेवणे भाग आहे. आमच्यातला सर्वांत वेगवान सदस्य जेवणाच्या तंबूत गप्प बसला होता. मार्गदर्शकांनी त्याला बाहेर बोलावले आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. तो नीट चालला, तोल गेला नाही, म्हणजे मेंदूची सूज नव्हती. मग त्यांनी शांतपणे विचारले, “आज किती गोळ्या घेतल्यात?” तेव्हा कळले की तो परवापासून डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेत होता आणि सकाळच्या विचारपूशीत शून्य सांगत होता. मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की गोळी घेण्यात गैर काही नाही, पण गोळी घेतल्याचे मला कळले नाही तर तुमचा शून्य आणि दुसऱ्याचा शून्य मी सारखाच धरतो आणि त्यावर सगळ्यांचा उद्याचा दिवस ठरवतो. त्याला एक दिवस गोळीशिवाय येथे थांबवायचे ठरले.

त्याच्या जागी मला स्वतःला पाहणे अवघड नाही. एवढी तयारी करून आलेल्या माणसाला वाटते की डोकेदुखी सांगितली तर आपल्याला मागे ठेवतील. प्रत्यक्षात उलट झाले: ज्याने रक्तदाब लपवला नाही, किंबहुना लपवता आला नाही, त्याची उद्या तपासणी होऊन तो वर येण्याची शक्यता आहे, आणि ज्याने डोकेदुखी लपवली त्याच्याबद्दल अजून कुणालाच काही सांगता येत नाही.

११ जानेवारी

रक्तदाब उतरला, परवानगी मिळाली. दुसऱ्याची डोकेदुखी गोळीशिवाय गेली. दोघेही येणार आहेत.

१३ जानेवारी, निदो दे कोन्दोरेस, ५,५५० मीटर

काल कॅनडा, आज येथे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा आहे. तंबू ठोकायला दीड तास लागला, आणि त्यात तंबू उभारण्याचे काम थोडे होते, बाकीचे दगड गोळा करण्याचे. प्रत्येक दोरीला डोक्याएवढा दगड, त्यावर दुसरा, मग तंबूच्या वाऱ्याकडच्या बाजूला गुडघाभर उंचीची रचलेली भिंत. तीन दगड उचलले की खाली बसून श्वास घ्यावा लागतो. त्यानंतर बर्फ वितळवणे सुरू झाले आणि ते झोपेपर्यंत चालले: भांड्याच्या तळाशी थोडे पाणी ठेवून त्यात बर्फाचे तुकडे टाकायचे, नाहीतर कोरडा बर्फ भांड्याला जळका वास आणतो. माणशी चार लिटर पाणी करायचे तर दोन स्टोव्ह बंद ठेवून चालत नाही.

नाडी ८८, ऑक्सिमीटर ८०, डोकेदुखी एक, थकवा एक, बोटांची संवेदना पूर्ण.

१४ जानेवारी, निदो दे कोन्दोरेस

विश्रांतीचा दिवस. शिखरावर ताटलीसारखा सपाट, कडांना गुळगुळीत ढग बसला आहे, याचा अर्थ वर जोराचा वारा आहे. तंबूचे कापड इतके फडफडते की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागते.

१८९७ मध्ये आजच्याच तारखेला मातियास त्सुरब्रिगेन हा स्विस मार्गदर्शक या शिखरावर पोहोचला; ती या शिखरावरची पहिली नोंदलेली चढाई. मोहीम एडवर्ड फिट्झजेराल्ड यांची होती, पण ते स्वतः पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही उंचीच्या त्रासामुळे परतले आणि शिखरावर कधीच गेले नाहीत. त्सुरब्रिगेन एकटा वर गेला. महिनाभराने त्याच मोहिमेतले स्टुअर्ट व्हाइन्स आणि निकोला लान्ती पोहोचले. रुळण्याचे शास्त्र तेव्हा कुणाकडे नव्हते, औषधेही नव्हती. नेत्याने आपला त्रास मान्य करून मागे राहावे आणि मोहीम पुढे चालू द्यावी, याबद्दल मला फिट्झजेराल्ड यांच्याविषयी मोठा आदर वाटतो, आणि शिखरांच्या यादीत त्यांचे नाव नसणे ही मला उणीव वाटत नाही.

१५ जानेवारी

वारा. तंबूतच. १७ तारखेला शिखरावरचा वारा ताशी २५ किलोमीटरपर्यंत उतरेल असा अंदाज रेडिओवर आला.

१६ जानेवारी, कोलेरा, ५,९७० मीटर

सरळ, पण फार संथ चढ. दुपारी पोहोचलो. मार्गदर्शकांनी उद्याचे नियम सांगितले: पहाटे पाचला निघायचे, दुपारी दोन वाजता जो जेथे असेल तेथून परतायचे, आणि त्याआधी कुणालाही परत पाठवण्याचा अधिकार तिन्ही मार्गदर्शकांना सारखाच. “बधिर झालेले बोट मला संध्याकाळी सांगू नका, तेव्हाच सांगा,” असेही म्हणाले. आतले बूट, पाण्याच्या बाटल्या आणि बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेतल्या आहेत. अन्नाची इच्छा नाही, तरी खाल्ले. डोकेदुखी एक.

१७ जानेवारी

रात्री कोलेरावर परतल्यावर लिहिते आहे, म्हणून तपशील क्रमाने मांडते.

निघालो तेव्हा उणे २२ अंश होते. पहिले दोन तास अंधारात, पुढच्याच्या बुटांवर पडलेल्या दिव्याच्या उजेडात गेले. उजव्या पायाची बोटे दुखत होती आणि मी चालताना ती सतत वळवत होते. उजाडायच्या सुमारास दुखणे थांबले. दुखणे थांबल्याचा आनंद क्षणभर झालाही. मग लक्षात आले की बोटे वळतात की नाही तेच कळत नाही. त्याच वेळी हाक मारून सांगितले.

इंदिपेन्देन्सियाची मोडकी लाकडी खोपी, ६,४०० मीटरच्या जरा खाली, तेथून हाकेच्या अंतरावर होती. मुख्य मार्गदर्शकांनी मला तिच्या आडोशाला सॅकवर बसवले. “कधीपासून?” वीसेक मिनिटे, असे मी सांगितले. त्यांनी बाहेरचा बूट, आतला बूट आणि दोन्ही मोजे काढले. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे मेणासारखी पांढरी होती. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले. कातडी मऊ होती, खाली दबत होती. कडक लागली असती तर पाऊल तसेच बुटात घालून तुम्हाला लगेच खाली पाठवले असते, असे त्यांनी नंतर सांगितले, कारण खरोखर गोठलेले बोट वितळवून पुन्हा गोठू दिले तर ते वाचत नाही. मग त्यांनी जॅकेटची चेन उघडली आणि माझे उघडे पाऊल स्वतःच्या पोटाला लावून वर कपडे ओढून घेतले. त्यांचा चेहरा आक्रसला, पण ते हलले नाहीत. दहाएक मिनिटांनी बोटांमध्ये सुया टोचल्यासारखी कळ आली, इतकी की डोळ्यांत पाणी आले, आणि ते म्हणाले, “छान.” बोटे लाल झाली होती. कोरडे मोजे, बुटाची नाडी पहिल्याहून सैल, आणि एक अट: पुन्हा बधिर झाले तर चर्चा न करता खाली. मी मान्य केले. त्यानंतर दर पाच मिनिटांनी ते मागे न वळता एक हात वर करत आणि मी “जाणवतात” असे ओरडे.

पुढची लांब आडवी वाट वाऱ्याच्या तोंडावर आहे. त्यापुढे कुएवा नावाचा कातळाचा आडोसा, ६,६५० मीटर. तेथे गटातल्या एका सदस्याचा वेग इतका मंदावला होता की दोनपर्यंत शिखर गाठणे शक्य नव्हते. एक सहमार्गदर्शक त्याला घेऊन उतरला. डोकेदुखी लपवणारा सदस्य आमच्याबरोबर पुढे होता आणि आज प्रत्येक थांब्यावर न विचारता स्वतःची स्थिती सांगत होता.

शेवटची नाळ, कानालेता, म्हणजे सुट्या दगडांचा उभा उतार, ज्यात एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली घसरते. बर्फ होता तेथे क्रॅम्पॉनमुळे बरे गेले. प्रत्येक पावलामागे चार श्वास, मग पाच. नाळ संपल्यावर धारेवरून दक्षिण भिंतीचा कडा उजव्या हाताला उघडतो, आणि थोड्या अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचा लहान क्रूस. एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही पाच सदस्य आणि दोन मार्गदर्शक शिखरावर होतो. मला खूप आनंद झाला. वीस मिनिटे थांबलो, पाणी प्यायलो, फोटो काढले, बोटे तपासली.

उतरण्याबद्दल जास्त लिहिले पाहिजे, कारण दिवसातली अवघड वेळ तीच होती. नाळेच्या माथ्यावर मार्गदर्शकांनी सगळ्यांना बसवून काहीतरी खायला लावले आणि मगच क्रम ठरवून सोडले: सर्वांत थकलेला मुख्य मार्गदर्शकाच्या लगेच मागे, शेवटी सहमार्गदर्शक. पाय आपोआप पडत होते आणि तेच धोक्याचे होते. दोनदा माझा क्रॅम्पॉन दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायच्या आवरणात) अडकला. पावले मुद्दाम रुंद ठेवून, प्रत्येक पाऊल पाहून टाकायला लागले. आडव्या वाटेवर एक जण बसला आणि उठायला तयार होईना. त्याला चक्कर नव्हती, शब्द स्पष्ट होते, सरळ रेषेत चालता येत होते. म्हणजे थकवा होता, मेंदूची सूज नव्हती. गरम पाणी देऊन, आखूड दोर बांधून त्याला चालवत आणले. सायंकाळी सहाला तंबूत.

नाडी १०४, ऑक्सिमीटर ७४, डोकेदुखी एक, थकवा तीन, चक्कर शून्य. उजव्या पायाच्या दोन बोटांची टोके किंचित बधिर. हे आकडे झोपण्यापूर्वी मार्गदर्शकांना वाचून दाखवले.

१८ जानेवारी, प्लाझा दे मुलास

एकाच दिवसात तळावर उतरलो. हवा दाट लागते. डॉक्टरांनी बोटे पाहिली: फोड नाहीत, रंग चांगला, वरवरचा थंडीचा मार आहे. चोळायचे नाही, शेकायचे नाही, घट्ट बूट घालायचे नाहीत. बधिरपणा काही आठवडे राहू शकतो आणि हे बोट पुढे थंडीला लवकर बळी पडेल, हे लक्षात ठेवून पुढच्या हिवाळी चढाया ठरवायच्या आहेत. कुएवावरून परतलेल्या सदस्याची तब्येत उत्तम आहे. त्याने पुढच्या हंगामासाठी मार्गदर्शकांशी तारखा बोलून घेतल्या.

१९ जानेवारी, ओर्कोनेस

लांब दरी एका दमात उतरलो. प्रवेशद्वारावर कचऱ्याच्या पिशव्या क्रमांक तपासून परत घेतल्या आणि परवान्यावर बाहेर पडल्याची नोंद झाली. मुख्य मार्गदर्शकांनी माझ्या तक्त्याची पाने मागितली. पुढच्या गटांना सकाळच्या विचारपूशीसाठी असाच छापील तक्ता देण्याचा त्यांचा विचार आहे. पानांचे फोटो पाठवले आणि हातापायांच्या संवेदनेचा रकाना ठेवाच, तोही सकाळ-संध्याकाळ असा दोनदा, असे सुचवले. औषधांसाठी वेगळा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. कोणती गोळी, किती वाजता घेतली, हे लिहिण्याचा रकाना त्यांनी स्वतः आखला.